अर्धा ओटा साडूचा

माझ्या साडूइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, आणि त्या निरुपद्रवी माणसानं मला जितका त्रास दिला तितका माझ्या उभ्या जन्मात दुसऱ्या कुणी दिलेला नाही. चाळीस वर्षं बांधकामाच्या धंद्यात काढली मी. न सांगता गावाला निघून जाणारे मिस्त्री झाले, रेतीच्या गाडीत निम्मी माती भरून पाठवणारे झाले, घर पूर्ण झाल्यावर 'जिना तिकडून पाहिजे होता बावा' म्हणणारे घरमालक झाले. या सगळ्यांना मी पचवून बसलो. साडू मात्र पचला नाही. भांडत नाही, टोमणा मारत नाही, मोठेपणा सांगत नाही. आपण टोमणा मारावा तर हा चष्मा पुसत म्हणणार, "साडूभाऊ, तुमी लय गंमत करता." अशा माणसावर जळायचं म्हणजे फार कष्टाचं काम आहे, पण मी ते वर्षानुवर्षं नेटानं केलं.

नातं आधी सांगून टाकतो. अनसिंगला आमची सासुरवाडी. दोघी बहिणी, थोरली माझ्या घरात, धाकटी त्याच्या; एक मेहुणा, तो नाशिकला. माझं लग्न झालं तेव्हा धाकटी चौथीत होती, म्हणजे पुढची चौदा वर्षं मी त्या घराचा एकुलता एक जावई. हे सुख ज्यानं भोगलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. मी वाशीमहून निघालो असं कळलं की सासूबाई पुरण शिजायला टाकत. मामाजी, म्हणजे आमचे सासरे, खुर्ची सोडून बाजेवर जाऊन बसत. त्या घरात माझ्याशिवाय वीट हलत नसे. पुढचा व्हरांडा मी बांधला, न्हाणी मी बांधली, गुरांचा कोठा मी बांधला. मामाजी आल्यागेल्याला सांगायचे, "हे आमच्या जवायाच्या हातचं हाय." कोणत्या जवायाच्या, असं विचारायची वेळ कुणावर येत नसे.

आणि मग एके दिवशी हा धाकटीला पाहायला आला. मूळचा इंझोरीचा, शेतकऱ्याचा पोरगा, पॉलिटेक्निकात शिकवणारा. उंच, वाळकुडा, चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. पोरगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा हा पठ्ठ्या जागेवर नव्हताच. व्हरांड्याच्या खांबाला कान लावून उभा होता. बोटाच्या पेरानं ठकठक करायचा, कान लावायचा, पुन्हा ठकठक. पोरगी ट्रे धरून उभी. शेवटी मामाजींनी विचारलं, "काय ऐकून राह्यले, पाव्हणे?" तर म्हणतो कसा, "खांब चांगला हाय. फक्त पानी कमी पडलं याले. अजून आठ दिवस पानी मारलं असतं, तर याच्याकडं पाहाचं काम पडलं नसतं."

तो खांब कुणी बांधला हे त्याला ठाऊक नव्हतं, हे मी आज मान्य करतो. त्या दिवशी मान्य करणं शक्य नव्हतं. मी तिथंच बसलो होतो, हातात पोह्यांची बशी घेऊन. मामाजी आता याला उठवतात आणि वाटेला लावतात म्हणून मी वाट पाहत होतो, तर मामाजी खो-खो हसत सुटले. "पोरगा खरं बोलते," म्हणाले. अर्ध्या तासात लग्न ठरलं. बरं, त्यानं खोटं सांगितलं असतं तर मी विसरूनही गेलो असतो. पण त्या खांबाला पाणी खरंच कमी पडलं होतं. त्या साली आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात मोठं काम मिळालं म्हणून मी खांब तसाच टाकून चौथ्या दिवशी तिकडं पळालो होतो, आणि हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

त्याच्या संशोधनाचा विषय म्हणजे राख. विजेच्या कारखान्यात कोळसा जळतो, त्याची मैद्यासारखी बारीक राख निघते, तिचे डोंगर साचतात आणि वारा सुटला की आजूबाजूच्या गावांच्या भाकरीत जाऊन बसतात. ही राख थोडं सिमेंट कमी करून काँक्रीटमध्ये घातली तर चालते का, किती चालते, कुठवर चालते, एवढ्याच प्रश्नावर हा गृहस्थ सहा वर्षं डॉक्टरेट करत होता. लोखंडाच्या भट्टीतला मळ दळून घालायचा, डाळमिलच्या भट्टीतली राख चाळून घालायची. कुठंही काही जळताना दिसलं की याचा पाय निघत नसे. एकदा मी, तो आणि दोघी बहिणी लग्नाला निघालो होतो. रस्त्यात राखेचा ट्रक कलंडलेला. ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसलेला, आणि आमचा हा नव्या सफारीत गुडघे टेकून राख चिमटीत धरून जिभेला लावतो आहे. "कशी लागते?" मी विचारलं. तो खूश होऊन म्हणाला, "याच्यात चुना बरा हाय." लग्न लागून गेल्यावर आम्ही पोचलो. आणि तिथंही सगळे मला विचारतात, तुम्हाला उशीर काहून झाला? त्याला कुणी काही विचारत नाही. त्याच्या सफारीवरची राख झटकायला मात्र चार बायका धावल्या.

त्याच्या खिशात कागदाच्या पुड्या असत, प्रत्येकीवर पेन्सिलीनं नंबर. एकदा शिरपूरच्या बसमध्ये त्यातली एक पुडी फुटली आणि शेजारच्या म्हातारीला वाटलं हा अंगारा आहे. तिनं हात पुढं केला. आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, ही कारखान्याची राख आहे. यानंही तेच सांगितलं, चांगलं सविस्तर सांगितलं, कोळसा कुठला, भट्टी केवढी, चाळणी कोणती. म्हातारीनं सगळं भक्तिभावानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे बापा, आगीतून आली म्हंजे शुद्धच हाय," आणि कपाळाला लावली. मग मागच्या सीटवरच्यांनीही हात पुढं केले. नमुना नंबर सतरा पूर्ण संपला. मी त्या रस्त्यावर तीन शाळांच्या भिंती बांधल्या आहेत. कुणी मला उठून जागासुद्धा देत नाही.

काँक्रीट तपासायचं म्हणजे त्याचे ठोकळे पाडावे लागतात, एका वितीपेक्षा कमी लांबी-रुंदीचे, उचलायला मात्र चांगलं आठ-नऊ किलो वजन. हे ठोकळे पाण्यात ठेवायचे आणि सात दिवसांनी, अठ्ठावीस दिवसांनी, तीन महिन्यांनी काढून मशीनखाली फोडायचे. राखेच्या ठोकळ्याचा स्वभाव सावकाश. सिमेंट आपलं सगळं बळ महिन्याभरात दाखवून मोकळं होतं. राख तीन-तीन महिने मनातल्या मनात घट्ट होत राहते. उन्हाळ्यात कॉलेजचा हौद कोरडा पडला की हा ते ठोकळे स्कूटरवर घालून अनसिंगला आणायचा आणि सासऱ्याच्या गुरांच्या हौदात सोडायचा. म्हशी पाणी पिताना ठोकळ्यांकडं पाहत राहायच्या. एकदा एक ठोकळा हरवला. घरभर शोधाशोध. शेवटी सापडला सासूबाईंच्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर, दडपण म्हणून ठेवलेला. सासूबाई बिचाऱ्या ओशाळल्या. यानं ठोकळा हातात घेतला, वास घेतला, आणि वहीत लिहिलं, 'एकोणीस दिवस लिंबाच्या खारात'. वर म्हणाला, "मामी, हे तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खाराचा परिणाम पाहाले पाहिजेच होता." तेव्हापासून सासूबाई लोणच्याची पहिली बरणी त्यांच्याकडं पाठवतात. आमच्याकडं दुसरी येते.

माझी बायको या बाबतीत मला साथ देईल अशी माझी भाबडी समजूत होती. ती म्हणे, "तुमी कायले त्याच्या मागं लागता? त्याले बिचाऱ्याले काई कळत नाई." काही कळत नाही म्हणे! सासऱ्याला वरण-भात कालवता कालवता काँक्रीट समजावून सांगतो, की मामाजी, भात म्हणजे गिट्टी, त्याच्या फटींत वरण गेलं पाहिजे, आणि वरणातही बारीक फट राहतेच, तिथं तूप जाते ना, तशी ही राख. दुसऱ्या दिवशी मामाजी पारावर चार लोकांना हेच सांगत बसलेले. चौदा वर्षं मी त्या माणसाशी फक्त पावसापाण्याचं बोललो होतो. त्यांना काँक्रीटमध्ये रस असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता ओट्याकडं येतो. मामाजींनी अलीकडं सोयाबीन कमी करून हळद लावायला सुरुवात केली होती. हळद काढली की शिजवावी लागते आणि शिजवली की पंधरा-वीस दिवस वाळवावी लागते, त्याला स्वच्छ, टणक ओटा पाहिजे. मातीवर वाळवली तर माती लागते आणि भाव पडतो. मामाजींनी मळ्यात मोठा ओटा घालायचं ठरवलं. मी मनात मापं काढून ठेवली होती. आणि पानावर बसल्या बसल्या मामाजी म्हणाले, "अर्धा मोठ्या जवायाचा, अर्धा लहान्या जवायाचा. मंधात रेघ. पाहू कोनाचा टिकते." ते हसत होते. सगळेच हसत होते. साडू तर आनंदानं उभाच राहिला, कारण प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या उन्हातान्हात घातलेलं एक तरी काम दाखवा, त्याशिवाय प्रबंध घेणार नाही, असं त्याला त्याच्या गाईडनं बजावलं होतं. त्याच्या सहा वर्षांच्या कामाची ती शेवटची पायरी होती आणि कॉलेजातली बढतीही त्यावरच अडून बसली होती. मी तेवढा हसलो नाही. अर्धा! माझ्या सासुरवाडीत मला अर्धा!

वैशाखात काँक्रीट पडलं. माझ्या अर्ध्यात नुसतं सिमेंट, त्याच्या अर्ध्यात राख. त्यानं आपल्या भागात एका कोपऱ्यात दोन तारा पुरल्या आणि त्यांचं टोक एका प्लास्टिकच्या डब्यात नेऊन ठेवलं. मी विचारलंही नाही. त्याचे असले चाळे विचारायला लागलं तर दिवस पुरायचा नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला कॉलेजनं तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं. सासू-सासरे नातवाच्या बारशाला नाशिकला मुलाकडं गेले. जाताना साडू माझ्याकडं आला. "साडूभाऊ, तुमी तुमच्या बाजूले पानी मारालच. माझ्या बाजूलेबी मारजा. राखेले तहान जास्त असते." काँक्रीट पडलं की त्यावर मातीचे बांध घालून पाणी साचवून ठेवतात, वर बारदाना टाकतात, नाहीतर ते पोटातलं पाणी गमावतं आणि पोकळ राहतं. हे मला पोरवयापासून माहीत आहे. मी म्हटलं, "निवांत जा."

पहिले तीन दिवस मी दोन्ही बाजूंना पाणी दिलं. सकाळी जायचो, संध्याकाळी जायचो, स्वतः जायचो, मजुरावर टाकलं नाही. चौथ्या दिवशी मी मोटार सुरू केली, पाइप हातात घेतला, माझी बाजू काठोकाठ भरली आणि रेघेपाशी येऊन थांबलो. ऊन असं की डोळे उघडवेनात. पलीकडं त्याचा बारदाना पार वाळला होता. मला तो खांब आठवला, लोणच्याची बरणी आठवली, पारावर वरण-भाताची गोष्ट सांगणारे मामाजी आठवले. मी मोटार बंद केली आणि घरी निघून आलो. पाचव्या दिवशीही तसंच. सहाव्याही. कुणी पाहिलं नाही. मला काही फार मोठा आनंद झाला असंही नाही, पण छातीत एक थंडावा होता, तो कशाचा हे मला नीट ठाऊक होतं. सातव्या दिवशी मात्र रात्रभर डोळा लागला नाही म्हणून उजाडताच उठून गेलो. काँक्रीट तहानलेलं पाहिलं की माझ्यासारख्याच्या जिवाला काय होतं ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. बारदाना उचलला तर खाली केसासारख्या बारीक भेगांची जाळी. मी वेड्यासारखं पाणी ओतलं त्यावर. पुढचे पंधरा दिवस माझ्या बाजूपेक्षा त्याच्या बाजूला जास्त पाणी दिलं. त्याचा आता काय उपयोग होता? लेकरू उपाशी झोपल्यावर ताट वाढून काय करता?

साडू पुण्याहून आला, ओट्यावर उकिडवा बसला, तळहात फिरवला. हाताला करडी भुकटी लागली. त्यानं ती हुंगून पाहिली, चिमटीत घासून पाहिली. नंतर तो डबा उघडून बराच वेळ काही पाहत बसला. मला एका शब्दानं काही विचारलं नाही. मामाजी आले, त्यांनीही हात फिरवला. "हे हयदीले लागन ना बावा," एवढंच म्हणाले.

मग धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी एकदा येणारा हा महिना जावयांचा. दोन पाट शेजारी शेजारी मांडलेले, सासूबाईंनी दोघांना ओवाळलं, ताटात पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार. आणि मामाजी बोलले ते वाक्य, ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती. "यंदाची हयद मोठ्या जवायाच्याच बाजूले वाळू घालू. त्याचा हात तो त्याचाच. तुमच्या राखेचं काई जमलं नाई, लहाने जवाई." साडू मान खाली घालून म्हणाला, "हो मामाजी. माझंच काई चुकलं असन." मग धाकटी, जी कधी बोलत नाही, ती वाढता वाढता म्हणाली, "हा ओटा प्रबंधात घालनार नाई म्हनतात. म्हंजे एक वर्स अजून गेलं. बढतीबी गेली." आणि वाढायचं भांडं तिथंच ठेवून ती आत गेली.

मी हातातला धोंडा ताटात परत ठेवला. असं कसं हो? मिळालं होतं ना सगळं! त्याचा हात तो त्याचाच, असं सासऱ्यानं साडूच्या देखत म्हटलं होतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, "मामाजी, त्या बाजूले मी तीन दिवस पानीच मारलं नाई."

सासूबाईंचा तुपाचा चमचा हवेत राहिला. "मोटार बंद पडली असन," त्या घाईनं म्हणाल्या. त्या माउलीनं मला पळून जायला दार उघडून दिलं होतं. बायकोही माझ्याकडं असं पाहत होती की हो म्हणा, हो म्हणा. "मोटार चालू होती," मी म्हणालो. "माझ्या बाजूले मारलं. त्याच्या बाजूले नाई मारलं." मामाजी ताटावरून उठले, हात धुतला आणि बाहेर निघून गेले. जावई जेवत असताना यजमान उठतो याचा अर्थ आमच्याकडं काय होतो ते सांगायला नको.

जेवणं झाल्यावर मी मळ्यात जाऊन ओट्याच्या कडेला बसलो. थोड्या वेळानं साडू आला, शेजारी बसला, वही उघडली आणि माझ्यापुढं धरली. प्रत्येक दिवसाचा रकाना, त्यात काँक्रीटचं तापमान. त्या दोन तारा त्यासाठी होत्या, डब्यातलं यंत्र आपोआप नोंद करत होतं. पाणी मारलं की आकडा खाली उतरायचा, दिवसातून दोनदा. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवशी आकडा उतरलाच नव्हता. त्याच्या पुढं 'पाणी' असा रकाना होता आणि त्या तीन दिवसांपुढं तो कोरा होता.

"म्हंजे तुले माहीत होतं?"

"डबा उघडला तवाच समजलं."

"मग बोलला काहून नाई? राख खोटी ठरून राह्यली होती ना तुझी!"

तो चष्मा पुसू लागला. "राखेचं काय, अजून एक ओटा घातला असता. बोललो असतो तर तुमाले या घरात पाटावर बसता आलं असतं का, साडूभाऊ?" मग वहीत पेन धरून म्हणाला, "आता तुमी सांगतलं तर लिहितो. कारन काय लिहू?"

"लिही, साडू जळत होता."

मला वाटलं हा हसेल. पण तो विचारात पडला. त्या माणसाला विनोद कळत नाही, हे मी नेहमी विसरतो. "थे मोजाचं कशात?" तो म्हणाला. "रकान्यात आकडा लागते." मी तिथं बसून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तो माझ्या पाठीवर हात ठेवून बसला आणि मध्येच दुसऱ्या हाताच्या पेरानं माझ्या बाजूच्या ओट्यावर ठकठक करून ऐकत होता. मी म्हटलं, "कसा वाजते?" म्हणाला, "मस्त वाजते."

त्याचा प्रबंध त्याच साली गेला, अर्ध्या ओट्यासकट. त्याचे गाईड म्हणे त्या भागावरच जास्त खूश झाले. खेड्यात पाणी चुकतं, चुकल्यावर राखेचं काय होतं हे कुणीतरी लिहायलाच पाहिजे होतं. प्रबंधात त्यानं नुसतं 'तीन दिवस पाणी नाही' एवढंच लिहिलं, कुणाचं नाव नाही. तो डॉक्टर झाला, बढती झाली, अनसिंगला पेढे वाटले. मामाजी माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. दिवाळीत बोलले ते एवढंच, "कोठ्याचा पत्रा उडाला, पाहून घेजा." मी पाहून घेतलं. आता मी तिथं गेलो की ते खुर्ची सोडत नाहीत आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

हेवा संपला का म्हणाल तर नाही. खोटं कशाला बोलू? डॉक्टर झाल्याचा आहे, लोणच्याच्या पहिल्या बरणीचा आहेच आहे. पण त्याहून मोठा एक हेवा मला गेल्या उन्हाळ्यात जडला. शिरपूरला बायकांच्या एका बचत गटानं हळदीसाठी ओटा घालायचं काढलं, सगळा राखेचा. काँक्रीट पडलं त्या संध्याकाळी साडू माझ्या घरी आला. चहा घेतला, दाराच्या चौकटीवर सवयीनं ठकठक केलं आणि म्हणाला, "साडूभाऊ, त्या वट्ट्याले पानी माराले तुमी जाता का?" माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं पदर तोंडाला लावला. मेल्याला जगात दुसरा माणूस मिळाला नसता?

वाशीमहून शिरपूर, अठ्ठावीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, मोटरसायकलवर. साठीला आलेला माणूस मी. एक खेप चुकवली नाही. पहिले काही दिवस मी पाइप हातात घेऊन रस्त्याकडं पाहत उभा राहायचो, की आता येईल, बारदाना उचलून पाहील, कुणाला तरी हळूच विचारून घेईल. मग मीच फोन करायला लागलो, "मारलं बरं का पानी." तिकडून आवाज यायचा, "मारलंच असन ना साडूभाऊ, कायले सांगता?" आणि फोन बंद. अठ्ठावीस दिवसांत तो एकदाही पाहायला आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर रोज जाऊन पाहिलं असतं.